चिखलातील विमानतळ

हिमप्रदेशात हिवाळ्याच्या दिवसांत लहान विमान जमिनीवर उतरविणे मोठे कठीण असते. गोठलेल्या भूमीवर चाकांची पकड राहत नाही. वेग आवरू जावे तो विमान भलतीकडेच घसरत जाते. मुंबई-पुण्यास असे बर्फ नाही, पण चिखल आहे, आणि ओला चिखलही काही कमी फसवा नव्हे! चाक त्यावर घसरते. घसरले नाही तर रुतते. अशा भूमीवर ज्यांनी आपली हवाई टपालसेवा उभारली, ते वैमानिक म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा.

जहांगीर यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हार्डेलो गावी हे कुटुंब उन्हाळ्यात राहावयास जाई. १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरियो तेथे त्यांचे शेजारी होते. समुद्राच्या पुळणीवर विमाने उतरत आणि हा मुलगा ती डोळे भरून पाही. पुढे १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होय.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी 'पुस मॉथ' नावाच्या एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून टपाल घेऊन ते कराचीहून एकटेच निघाले. जवळ बिनतारी यंत्र नव्हते. वाटेत अहमदाबादेस पेट्रोल घेतले. ते बैलगाडीतून आणलेले होते. विमानाची तहान बैलांनी भागवावी, हा योगही गमतीचाच! दुपारी विमान मुंबईस जुहू येथे उतरले. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल मद्रासकडे नेले.

परंतु खरी परीक्षा पुढेच होती. जुहूचा तो विमानतळ म्हणजे समुद्राकाठचे चिखलाचे सपाट मैदान. भरती आली की ते पाण्याखाली जाई, आणि पावसाळ्यात तर तेथे विमान उतरविणे अशक्यच होई. टपाल मात्र ठरलेल्या दिवशी पोचलेच पाहिजे. म्हणून दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यंत्रज्ञ असा सारा संसार पावसाळ्यापुरता पुण्यास हलविण्यात आला. मांजरीकडे वाहत जाणाऱ्या मुळा-मुठेच्या काठी येरवडा आहे. तेथील तुरुंगाजवळचे एक मैदान हाच त्यांचा विमानतळ झाला! सह्याद्रीवर ढग दाटलेले, खाली डोंगरकडे दिसेनासे झालेले. तरीही विमाने जात-येत राहिली. त्या पहिल्या वर्षात टपालास एकदाही उशीर झाला नाही.

या लहानशा सेवेतूनच पुढे 'एअर इंडिया' उदयास आली. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून लंडनकडे झेपावले. १९९२ साली जहांगीर यांना 'भारतरत्न' हा किताब मिळाला आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जहांगीर पुन्हा एका जुन्या, लहानशा विमानात बसून कराचीहून एकटेच निघाले होते. वाटेत अहमदाबादेस थांबून ते जुहूला आले. या वेळी चाकांखाली चिखल नव्हता, पक्की धावपट्टी होती.