गोणपाटावर बसणारा मुलगा

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या गटाला मी शिकवतो. आठवडाभर डेटाबेस, रविवारी काना-मात्रा! गेल्या २६ जानेवारीच्या निमित्ताने राज्यघटना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मूळ घटनेतली ३९५ कलमं, ८ परिशिष्टं अशा स्लाइड्स केल्या. पोरं खिडकीतून बर्फ बघत बसली. आमच्या वेळी तरी काय वेगळं होतं? घटनेचे शिल्पकार कोण, एका ओळीत उत्तर, संपला विषय.

मग लॅपटॉप मिटला आणि साताऱ्याच्या शाळेतल्या भीमाची गोष्ट सांगितली. सुभेदार रामजींचा मुलगा, जन्म १४ एप्रिल १८९१, महूचा. वर्गात वेगळा बसायचा, घरून आणलेल्या गोणपाटावर. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपाई असला तर पाणी, नाहीतर तसंच घरी. १९०१ मध्ये वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला, तर मसूर स्टेशनवर जात कळल्यावर बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यात एक गाडीवान तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची, तो चालत येणार. रात्रभर डबा जवळ असून पाण्यावाचून उपाशी.

आता कुणी बर्फ बघत नव्हतं.

पुढचं भराभर सांगितलं. सयाजीरावांची शिष्यवृत्ती, १९१३ मध्ये न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ (इथे पोरं खूश!), मग लंडन. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी. १९४७ मध्ये मसुदा समितीचे अध्यक्ष, २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली हे मला पाठ होतं. पण कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे, हे मी तयारी करताना पहिल्यांदाच नीट वाचलं. तो नळ आठवला.

तेवढ्यात एका दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, की तेव्हा आपले पणजोबा वर्गात कुठे बसायचे?

माझे पणजोबा त्याच सुमारास शाळेत होते. गोणपाटावर नव्हते, एवढं नक्की. तसंच सांगितलं. मग ठरलं, प्रत्येकाने भारतात फोन करून आजी-आजोबांना विचारायचं. पुढच्या रविवारी तिघंच विचारून आली. त्यातल्या एकीच्या आजीने विषय बदलून शाळेत आज डब्याला काय होतं ते विचारलं म्हणे.