आल्फ्रेड वॉलेस आणि सहा मैलांचें पाणी

उपदेशक बंधूंपैकीं पुष्कळांस हा अनुभव असेल कीं, मूल शाळेंत भूगोल शिकून येतें आणि घरचीं म्हातारीं माणसें त्यास विचारतात, पृथ्वी जर वाटोळी, तर तळ्यांतलें पाणी सांडून कां जात नाहीं? क्वचित् एखादा वाचक पवित्र शास्त्रांतील पृथ्वीच्या चार कोपऱ्यांचा उल्लेख पुढें करून त्या मुलास गप्प बसवितो. इंग्लंडांतहि असा वाद माजला होता, व त्यापायीं एका थोर शोधकाचीं सुमारें पंधरा वर्षें क्लेशांत गेलीं. त्यांची हकीकत आम्ही आज देतों.

आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचा जन्म वेल्समधील उस्क गांवीं 8 जानेवारी 1823 रोजीं झाला. घरच्या गरिबीमुळें चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली, आणि थोरल्या भावाच्या हाताखालीं ते जमीनमोजणी शिकले. आपल्या गांवीं मोजणीदार येतो, तोच हा धंदा. पुढें हाच उपयोगी पडला. 1848 सालीं ते आमेझॉन नदीच्या अरण्यांत गेले. 1852 सालीं परत येतांना जहाजास आग लागून त्यांचा बहुतेक संग्रह जळाला, व भर समुद्रांत दहा दिवस उघड्या होडींत काढावे लागले. तरी दोन वर्षांनीं ते मलाया द्वीपसमूहाकडे निघाले. तेथें 1862 पर्यंत राहून त्यांनीं सुमारें 14,000 मैल प्रवास केला व सव्वा लाखाहून अधिक प्राणी व कीटक जमविले.

जानेवारी 1870 मध्यें जॉन हॅम्डन नांवाच्या गृहस्थानें जाहीर केलें कीं, पाण्याचा पृष्ठभाग वक्र आहे असें जो दाखवील त्यास आपण 500 पौंड देऊं. पृथ्वी सपाट आहे हीच शास्त्राची शिकवण, असा त्याचा आग्रह होता. वॉलेस यांनीं तितकीच रक्कम ठेवून पैज घेतली.

पूर्व इंग्लंडांत जुनी बेडफर्ड नदी म्हणून सरळ खोदलेला एक कालवा आहे. त्यावरील सहा मैल अंतराचे दोन पूल निवडण्यांत आले. पाण्यालगतची हवा दृष्टीस फसविते, म्हणून वॉलेस यांनीं एका पुलावर पाण्यापासून 13 फुटांहून थोड्या अधिक उंचीवर दुर्बीण लाविली. दुसऱ्या पुलावर तितक्याच उंचीवर काळा पट्टा बांधिला. मध्यें, तीन मैलांवर, एक काठी उभी करून तिला तितक्याच उंचीवर एक तबकडी व तिच्याखालीं चार फुटांवर दुसरी तबकडी लाविली. पाणी सपाट असतें तर वरची तबकडी पट्ट्याच्या रेषेंत दिसती. पृथ्वीचा उतार पहिल्या मैलास आठ इंच असतो. तीन मैलांस तो तिप्पट न होतां नऊपट होतो, म्हणजे 72 इंच, किंवा सहा फूट. हवेंत प्रकाश किंचित् वांकतो, म्हणून प्रत्यक्षांत थोडें कमी दिसतें. 5 मार्च रोजीं पाहतात तों वरची तबकडी पट्ट्याच्या पांच फुटांहून अधिक वर, आणि खालचीहि वरच!

हॅम्डनच्या बाजूच्या पंचानें हेंच दृश्य पाहून पाणी सपाट असल्याचें सिद्ध झालें, असें म्हटलें. स्वतः हॅम्डननें दुर्बिणीस डोळाच लाविला नाहीं! ‘फील्ड’ पत्राचे संपादक वॉल्श यांनीं वॉलेस यांच्या बाजूनें निकाल देऊन पैसे त्यांस दिले. तेव्हांपासून हॅम्डननें त्यांस चोर व लबाड म्हणून सर्वत्र बदनाम केलें, त्यांच्या पत्नीस धमकीचें पत्र लिहिलें, आणि त्याबद्दल तो एकाहून अधिक वेळां तुरुंगांत गेला. वॉलेस कोणत्याहि चर्चच्या मताचे नव्हते, हें लपविण्याचें कारण नाहीं. शास्त्राचा कैवार घेणारा मात्र असा वागला! शास्त्राची बेअब्रू कोठें झाली असेल तर ती येथें, असें आम्हांस वाटतें.

पण पैजेचा पैसा पचला नाहीं. 1876 सालीं कोर्टानें ठरविलें कीं पैज कायद्यानें निरर्थक, सबब हॅम्डनची ठेव परत करावी. खटल्यांचा खर्च वॉलेस यांच्या माथीं बसला. पैज घेण्यांत आपण नीतिदृष्ट्या चुकलों, हें त्यांनीं 1905 सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत मोकळेपणीं कबूल केलें आहे. तो कबुलीजबाब आम्हांस त्यांच्या संग्रहाइतकाच मोलाचा वाटतो.

संसाराची ओढाताण चालूच होती. अखेर 1881 सालीं डार्विन यांच्या खटपटीनें सरकारांतून त्यांस सालीना 200 पौंडांचें पेन्शन मिळालें. 7 नोव्हेंबर 1913 रोजीं, नव्वदाव्या वर्षीं, डॉर्सेट परगण्यांतील ब्रॉडस्टोन येथें त्यांचें देहावसान झालें.