निळ्या गोळीमागची डॉक्टर : लुसी विल्स

शाळेत दर आठवड्याला आम्ही मुलामुलींना निळी गोळी वाटतो, तेव्हा कुणीतरी विचारतंच, ही कशाला? लोह आणि फॉलिक ॲसिडच्या त्या गोळीचं नातं आपल्या मुंबईशी, त्यातही गरीब मुस्लिम मातांशी आहे. म्हणून आज डॉ. लुसी विल्स यांची ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजमध्ये त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. पण ते विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे. पुढे १९२० मध्ये लंडनच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या.

१९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. इथल्या गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात भयंकर रक्तक्षय होत असे. कित्येक जणी त्यात दगावत. विल्स यांनी वेगवेगळ्या समाजांतल्या स्त्रिया काय खातात, याची पाहणी केली. रक्तक्षय सर्वांत जास्त गरीब मुस्लिम स्त्रियांत दिसला, आणि सर्वांत निकृष्ट आहारही त्यांचाच होता. दोष बायकांचा नव्हता, रिकाम्या ताटाचा होता.

मग त्यांनी माकडांना तसाच अपुरा आहार देऊन पाहिला. त्यांनाही तोच आजार जडला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे स्वस्तात मिळणाऱ्या मार्माइटने, तो बरा झाला. आजारी मातांनाही त्याचा गुण आला. १९३१ मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केलं. त्या अर्कातल्या अनोळखी घटकाला विल्स फॅक्टर म्हणू लागले. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळं काढण्यात आलं. तो घटक हाच!

१६ एप्रिल १९६४ रोजी विल्स यांचं निधन झालं. बाळाच्या मेंदू आणि मणक्यातले काही जन्मजात दोषही फॉलिक ॲसिडने टळतात, हे १९९१ मध्ये सिद्ध झालं. ते पाहायला त्या नव्हत्या.

हे दोष गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांतच होतात. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून घरात मूल हवं असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीपासूनच सुरू करावी. आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावर सूनबाईच्या वाट्याला काय उरतं, तेही एकदा पाहावं. विल्स यांनी शंभर वर्षांपूर्वी तेच तर पाहिलं होतं.