द्रवावर विसंबणारा अभियंता : हेर्मान फ्योटिंगर

जुन्या ऑटोमॅटिक पिकअपच्या गिअरबॉक्समधील लाल तेल हे इंजिन ऑइलसारखेच केवळ वंगण आहे, असा अनेक वाहनधारकांचा समज असतो. प्रत्यक्षात इंजिनाची शक्ती चाकांकडे जाताना एका टप्प्यावर ती या तेलातूनच वाहते. तेथे लोखंड लोखंडाला भिडत नाही. ही किमया ज्यांच्या बुद्धीतून साकारली, ते जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांचा मोटारगाड्यांशी मात्र फारसा संबंध नव्हता. त्यांचे लक्ष होते जहाजांवर.

फ्योटिंगर यांचा जन्म 9 फेब्रुवारी 1877 रोजी न्युरेंबर्ग येथे झाला. म्युनिक येथे विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते 1899 मध्ये श्टेटिन येथील व्हल्कन या जहाजबांधणी कारखान्यात रुजू झाले. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. फिरत्या दांड्याला किती पीळ पडतो, हे मोजून जहाजाच्या इंजिनाची खरी शक्ती ठरवण्याचे उपकरण त्यांनी विकसित केले.

त्या काळी जहाजांत वाफेची टर्बाइन येऊ लागली होती आणि तिच्याबरोबर एक पेचही आला होता. टर्बाइन अतिशय वेगाने फिरली तरच किफायतशीर ठरते. पाण्यातील पंखा मात्र संथ फिरला तरच नीट काम करतो. दोहोंचा मेळ घालण्यास प्रचंड दंतचक्रे हवी होती आणि एवढ्या शक्तीची चक्रे अचूक कापण्याचे तंत्र तेव्हा परिपक्व झाले नव्हते. फ्योटिंगर यांनी दंतचक्रांनाच फाटा दिला. एका बंद कवचात पात्यांची दोन चाके समोरासमोर ठेवायची, पहिल्याने द्रव वेगाने फेकायचा, त्या झोताने दुसरे फिरवायचे आणि स्थिर पात्यांच्या तिसऱ्या चाकाने प्रवाह वळवून पीळ वाढवायचा, ही ती रचना. तिचे पेटंट 1905 चे आहे. स्थिर पाती काढून टाकली की उरते ते साधे फ्लुइड कपलिंग. पाती ठेवली तर तो टॉर्क कन्व्हर्टर.

जहाजांवर या यंत्रात तेलाऐवजी पाणी वापरले जाई. 1913 मध्ये बांधलेल्या ‘क्योनिगिन लुईझ’ या प्रवासी जहाजावर ही यंत्रणा बसवण्यात आली. ऑगस्ट 1914 मध्ये पहिले महायुद्ध पेटताच ते जहाज सुरुंग पेरण्याच्या कामी लावले गेले आणि काही दिवसांतच बुडाले. पुढे दंतचक्रे कापण्याचे तंत्र सुधारले. चक्रांमध्ये शक्तीचा अपव्यय कमी होत असल्याने मोठ्या जहाजांवर त्यांचीच सरशी झाली. ज्या कामासाठी हा शोध लागला, तेथेच तो मागे पडला. फ्योटिंगर 1909 पासून डान्झिग येथे आणि 1924 पासून बर्लिन येथे प्राध्यापक म्हणून द्रवांच्या प्रवाहाचा अभ्यास करीत राहिले.

शोधाला दुसरे आयुष्य रस्त्यावर लाभले. ब्रिटनमध्ये हॅरल्ड सिंक्लेअर यांच्या प्रयत्नांतून 1930 मध्ये डेमलर गाड्यांत फ्लुइड फ्लायव्हील आले. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबाइलसाठी हायड्रा-मॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स आणला. त्यात फ्लुइड कपलिंग होते. 28 एप्रिल 1945 रोजी, बर्लिन पडण्याच्या अखेरच्या दिवसांत, तोफगोळ्याचा तुकडा लागून फ्योटिंगर यांचा अंत झाला. 1948 मध्ये ब्युइकच्या डायनाफ्लोमधून टॉर्क कन्व्हर्टर अमेरिकी मोटारींत रुळू लागला, तो पाहण्यास ते हयात नव्हते.

मराठी मुलखालाही या तत्त्वाचा स्पर्श झाला. जामसांवलीच्या हनुमान मंदिरालगतच्या सौसरवरून नागपूर–छिंदवाडा हा नॅरोगेज लोहमार्ग 2015 पर्यंत जात असे. सातपुड्यातील नॅरोगेज गाड्या ओढणारी, चित्तरंजनच्या कारखान्यात घडलेली झेडडीएम मालिकेतील डिझेल इंजिने शक्ती पोचवत ती द्रवाच्याच मार्गे.

दंतचक्रांच्या तुलनेत होणारा हा अपव्यय आजही टळलेला नाही. द्रव घुसळला की तो तापतो आणि तापलेले तेल हळूहळू निकामी होते. शिवाय गिअरबॉक्समधील क्लचच्या चकत्यांना ठरावीक घर्षण देणारेच तेल लागते. म्हणूनच जनरल मोटर्सने 1949 मध्ये ‘टाइप ए’ आणि पुढे ‘डेक्सरॉन’ ही मानके ठरवली. फोर्डच्या जुन्या गाड्यांचे ‘टाइप एफ’ घर्षणाच्या बाबतीत त्याहून वेगळे. रंग लाल दिसला म्हणून एकाच्या जागी दुसरे चालत नाही. गाडीच्या पुस्तिकेतील नावच प्रमाण मानावे लागते.

तपासणीही याच तत्त्वाला धरून होते. बहुतेक जुन्या पिकअपमध्ये गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, गिअरबॉक्स गरम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पातळी पाहतात. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थितीतून फिरवायचा, पुस्तिकेनुसार पार्क किंवा न्यूट्रलवर आणायचा, डिपस्टिक पुसून पुन्हा घालायची आणि मग खूण वाचायची. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरत्या भागांमुळे फेस होतो. दोन्ही वेळी शक्ती वाहून नेणाऱ्या द्रवात हवा शिरते आणि गिअर घसरू लागतात. तपकिरी रंग व करपट वास ही चकत्या जळत असल्याची खूण. दुधाळ गुलाबी रंग आत पाणी शिरल्याची.

फ्योटिंगर यांनी पोलादाचे काम द्रवावर सोपवले. तो द्रव योग्य आणि पुरेसा आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी मात्र गाडी बाळगणाऱ्यावर येऊन पडली.