शब्दकुळांचा संग्राहक : पीटर मार्क रोझे

इंग्रजीवर प्रभुत्व मिळवू पाहणारा विद्यार्थी शब्दकोशाबरोबरच 'थिसॉरस'ही जवळ बाळगतो. तो रचणारे पीटर मार्क रोझे हे पेशाने डॉक्टर होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

रोझे यांचा जन्म १७७९ साली लंडनमध्ये झाला. वडील मूळचे जिनीव्हाचे, धर्मोपदेशक. मुलाच्या चौथ्या वर्षीच ते वारले. एकोणिसाव्या वर्षी एडिंबरोची वैद्यकीय पदवी घेऊन रोझे पुढे मँचेस्टरच्या रुग्णालयात लागले. लिहिताना नेमका शब्द हाताशी येत नाही, ही उणीव त्यांना जाणवे. म्हणून १८०५ साली त्यांनी स्वतःपुरता शब्दसंग्रह केला आणि त्यात शब्द अक्षरानुक्रमाने न लावता अर्थाच्या कुळांप्रमाणे लावले.

हा संग्रह कित्येक वर्षे खाजगीच राहिला. १८१८ साली पत्नीवियोगाने खचलेले त्यांचे मामा, सर सॅम्युअल रॉमिली, यांनी आत्महत्या केली. त्यांच्यावर उपचार रोझेच करीत होते. १८३३ साली पत्नीही गेली. रॉयल सोसायटीचे चिटणीसपद १८४८ पर्यंत सांभाळून ते मोकळे झाले, तेव्हा जुने काम पुन्हा हाती घेतले. १८५२ साली ग्रंथ निघाला त्या वेळी त्यांचे वय ७३ होते.

ग्रंथात सहा वर्ग व हजार शीर्षके आहेत. शब्दकोशात शब्दावरून अर्थ शोधावा, येथे अर्थावरून शब्द. ज्या घरांत अमरकोश पाठ करण्याची रीत होती, त्यांना ही रचना परकी वाटू नये. रोझे यांनीही आपल्या प्रस्तावनेत कोलब्रुककृत भाषांतराच्या आधारे अमरकोशाची नोंद घेतली आहे.

मात्र थिसॉरस शब्दांचे अर्थ सांगत नाही. निवड वाचकानेच करावयाची. 'फेमस' आणि 'नोटोरियस' हे दोन्ही शब्द प्रसिद्धीचेच, पण दुसऱ्यात दुर्लौकिक आहे. भूप व देशकार यांचे स्वर तेच. परंतु एकात गंधार वादी, दुसऱ्यात धैवत, आणि तेवढ्याने राग पालटतो. भारदस्त शब्द वेचून लेखावर चढवणारा विद्यार्थी येथेच फसतो. शेजारच्या शब्दांतील भेद कळू लागला, म्हणजे संपत्ती वाढली म्हणावे.

रोझे १८६९ साली, नव्वदाव्या वर्षी वारले. पुढील आवृत्त्यांचे काम मुलाने व नंतर नातवाने चालवले. तरुण डॉक्टरने स्वतःची उणीव भरून काढण्यासाठी केलेली यादी अशी तीन पिढ्यांचा वारसा ठरली.