सावित्रीबाईंनी रोग्याला पाठीवर घेतले

डॉक्टरने नाडी धरली, पोट दाबून पाहिले की रोग्याला निम्मे बरे वाटते. आमच्या केळापूरकडील म्हातारी माणसे तर अंगाला हात न लावता गोळ्या लिहून देणाऱ्याला डॉक्टरच मानत नाहीत. बंधू-भगिनींनो, या हाताची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक? काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाच्या बाळंतिणीची १९२९ सालची हकिकत बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. डॉक्टर वस्तीत आला नाही, आजारी बाईलाच बाहेर आणायला लावले. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने तो परत गेला. हात न लावताच न्युमोनियाचे निदान झाले. बाई वाचली नाही. मीही शिक्षकच, म्हणून ही हकिकत वाचताना जीव अडखळतो.

त्याच्या बत्तीस वर्षे आधी पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी याच्या अगदी उलट केले होते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. १८४० साली जोतीरावांशी लग्न झाले. १८४८ ची मुलींची शाळा आणि अंगावर पडलेले शेण आपल्या मुलांना पाठच आहे. १८६३ साली फुले दांपत्याने फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडले. ज्यांना घरच्यांनीही दूर लोटले, त्यांना तिथे मायेचा हात मिळाला. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

जोतीराव १८९० साली गेले. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. या रोगाच्या गाठी काखेत, जांघेत येतात. मार्चमध्ये गोरे शिपाई घराघरांत शिरून झडती घेऊ लागले, तेव्हा परक्या पुरुषाने अंग तपासावे ही धास्ती बायकांना रोगापेक्षा मोठी वाटली. लोक रोगी लपवू लागले. आजाऱ्याला हात लावणे आणि त्याची अब्रू राखणे या दोन्ही गोष्टी लागतात. सरकारला दुसरी उमगली नाही.

यशवंतरावांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना काढला होता. सावित्रीबाई तिथे रोगी आणवीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या या बाईने त्याला स्वतःच्या पाठीवर घेतले आणि दवाखान्यात नेले. प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरतो, हे सायमंड या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली दाखवले. त्या दिवशी सावित्रीबाईंना एवढेच ठाऊक होते की जवळ जाणारा मरू शकतो.

मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.