झाड मोठे होईपर्यंतची भाकर

वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला शेतात झाडे लावायला सांगितले, तर तो नाही म्हणत नाही, नुसता हसतो. त्या हसण्यामागे पक्का हिशेब असतो. कलमी आंबा हाती यायला चार-पाच वर्षे लागतात आणि सागाला तर एक पिढी जाते. तोवर सोसायटीचे कर्ज, कृषी केंद्राची उधारी आणि पोरीचे लग्न कोणाच्या भरवशावर काढायचे? धुऱ्यावरच्या बाभळीजवळची दोन-चार तासे पिवळी पडतात हे त्याने जन्मभर पाहिलेले असते. सावली शेजाऱ्याच्या वावरात गेली, तर भांडण वेगळेच. झाडाची महती त्याला कुणी शिकवण्याची गरज नाही. त्याचा प्रश्न एकच असतो : झाड मोठे होईपर्यंत खायचे काय?

हा प्रश्न गंभीरपणे घेणारी माणसे थोडी. मणिभाई देसाई त्यांपैकी एक. उरुळीकांचन म्हटले की त्यांचे नाव निघते, पण ते बहुधा गाईंच्या संदर्भात. त्यांच्या उत्तरायुष्यातले झाडांचे काम आपल्याकडे त्या मानाने कमी बोलले जाते. कोरडवाहू वऱ्हाडाला मात्र तेच जास्त उपयोगी आहे, असे मला वाटते.

मणिभाईंचा जन्म सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी 27 एप्रिल 1920 रोजी, शेतकरी कुटुंबात झाला. मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पुढे ते विज्ञान शिकले. 1942 च्या आंदोलनात उडी घेतली आणि तुरुंगात गेले. सुटल्यावर शिकलेल्या तरुणापुढे नोकरीची वाट मोकळी होती, पण त्यांनी गांधीजींची वाट धरली आणि ते सेवाग्रामला पोचले.

मार्च 1946 मध्ये गांधीजी पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या उरुळीकांचनला आले. गरिबांसाठी निसर्गोपचार केंद्र काढायचे त्यांच्या मनात होते. आठवडाभर राहून ते निघाले आणि मागे राहिलेल्यांत मणिभाई होते. आपली हाडे उरुळीतच पडतील, असा शब्द या पंचवीस वर्षांच्या गुजराती तरुणाने गांधीजींना दिला आणि पुढची 47 वर्षे पाळला.

आश्रमात रोगी येत, बरे होऊन जात आणि पुन्हा येत. रोगाचे मूळ गावच्या दारिद्र्यात आहे आणि दारिद्र्याचे मूळ शेतीत, हे मणिभाईंच्या ध्यानात आले. मग ते शेतीकडे वळले आणि शेतीतून गाईकडे. गीर गाईंचा कळप त्यांनी सांभाळला, वाढवला. पुढे गावठी गाईंना विदेशी वळूंच्या रेतनाने सुधारण्याचे कामही अंगावर घेतले. गांधीजींचा माणूस संकर कसा करतो, असा प्रश्न येणारच होता. पण दूध न देणारी गाय गरिबाच्या दावणीला टिकणार नाही, हे त्यांना दिसत होते. 1967 मध्ये त्यांनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे आजची 'बाएफ', स्थापन केली. संस्थेचे लोक रेतनाची सोय घेऊन शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत जाऊ लागले.

गाय दुधाला आली, तर तिला हिरवा चारा हवा. उन्हाळ्यात तो आणायचा कोठून? या अडचणीतून मणिभाई झाडाकडे आले. झपाट्याने वाढणारे, छाटले की पुन्हा फुटणारे आणि मुळांवाटे जमिनीला नत्र देणारे सुबाभूळ त्यांच्या संस्थेने गावोगाव नेले. या झाडाचे दोषही पुढे आले. त्याच्या पाल्यात मायमोसीन हे विषारी द्रव्य असते, त्यामुळे जनावरांना तो बेतानेच घालावा लागतो. त्याचे बी तणासारखे पसरते. 1988 च्या सुमारास त्यावर सिलिड नावाची कीड आली आणि झाडे शेंड्यातून झोडपली गेली. एकाच झाडावर सगळा भार टाकू नये, हा धडा त्यातून मिळाला.

त्याच काळात, 1982 मध्ये, दक्षिण गुजरातेतल्या वांसदा भागात एक वेगळे काम सुरू झाले. तिथले कुकणा, वारली, धोडिया आदिवासी पावसाळ्यात डोंगरउतारावर नागली-भात पिकवत आणि पीक निघाले की मजुरीसाठी घर सोडून जात. बाएफने कुटुंबामागे साधारण एका एकराची 'वाडी' उभी करायला घेतली. मध्ये आंबा आणि काजूची कलमे, कडेने लाकूडफाट्याची झाडे, सभोवार कुंपण आणि कलमांच्या ओळींमधल्या मोकळ्या जागेत नेहमीची पिके.

या मधल्या पट्ट्यांतच सारे मर्म आहे. दहा मीटरवर कलम लावले, तर एकरात चाळीस झाडे बसतात. पहिली काही वर्षे रोपे लहान असतात आणि बहुतेक जमीन पिकाला मोकळी राहते. पिकाची मशागत होते, त्यात झाडाचीही होते. पिकासाठी माणूस रोज वाडीत जातो, त्यामुळे रोपाकडे लक्ष राहते. घरातले धान्य चालू असते, म्हणून झाडाची वाट पाहता येते. पुढे सावली वाढते, पीक आखडते, पण तोवर फळ सुरू झालेले असते. 1982 मध्येच मणिभाईंना लोकसेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वांसद्याची वाडी उचलून वाशीमला आणता येणार नाही. तिथे पाऊस कितीतरी जास्त. आपल्याकडे काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि रोही-रानडुकरांचा धुमाकूळ. काजू इथे नको. मानोरा, मालेगावकडच्या बरड जमिनीला सीताफळ, आवळा, बोर ही झाडे शोभतात. भारी जमिनीत पाण्याची सोय असेल तर आंबा, संत्रा. ओळी अधिक अंतरावर हव्यात, कारण आपल्याकडे झाड आणि पीक उन्हापेक्षाही ओलीसाठी झगडतात. खालच्या फांद्या वेळेवर छाटल्या आणि ओळींच्या कडेने चर काढून वरवरची मुळे तोडली, तर हा झगडा बराच कमी होतो.

आणि ही रीत आपल्याला परकी आहे का? कपाशीत, सोयाबीनमध्ये तुरीचे तास आपण ठेवतोच. एक पीक लवकर निघते, दुसरे खोल मुळांवर हिवाळ्यापर्यंत उभे राहते. झाडाच्या बाबतीत हाच हिशेब चार महिन्यांऐवजी वीस वर्षांचा करायचा आहे.

खरी अडचण तूर निघाल्यावर सुरू होते. मग शिवार मोकळे होते आणि गावची गुरे-शेळ्या सुटतात. पावसाळ्यात जगलेले रोप फेब्रुवारीत खाल्ले जाते. म्हणून वाडीत कुंपण आधी येते. घायपात, सागरगोटा असे जिवंत कुंपण कमी खर्चात होते. लाकडासाठी झाडे लावणाऱ्याला दुसरी धास्ती तोडीच्या परवानगीची. 1964 च्या राज्याच्या कायद्याने साग, मोह, आंबा, चिंच यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीविना तोडता येत नाहीत. कायद्याचा हेतू चांगला. पण त्या धास्तीने उगवलेले रोपही वखरात घेणारे शेतकरी असतात.

मणिभाई 1993 मध्ये गेले. 2003-04 पासून नाबार्डने आदिवासी विकास निधीतून वाडीची कल्पना अनेक राज्यांत नेली. 2014 मध्ये देशाने कृषी-वनशेतीचे स्वतंत्र राष्ट्रीय धोरण केले. कागदावर आज काही कमी नाही. तरी दर पावसाळ्यात आपण किती रोपे लावली याचे आकडे छापतो. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांतली किती उरली, हे फारसे कुणी विचारत नाही.

वाशीममध्ये झाडांची योजना घेऊन येणाऱ्याने रोपांच्या आधी बियाण्याची पिशवी, कुंपण आणि उन्हाळ्याच्या पाण्याची तजवीज दाखवावी. मणिभाईंच्या कामातून मी तरी एवढेच शिकलो. या तीन गोष्टी समोर दिसल्या, तर आपला शेतकरी हसणार नाही. खड्डे कुठे घ्यायचे ते विचारेल.